पुराचा आराखडा आणि बजेट: फझी पद्धतीने कोणतं काम आधी ते कसं ठरवायचं, स्टेप बाय स्टेप

पावसाळ्याआधी गावात पूर आराखड्याची मीटिंग होते तेव्हा लोक कसं बोलतात ते नीट ऐका. "शेड झालं तर बायाबापड्या बऱ्यापैकी लवकर निघतील", "बोट कामाला येते पण रात्रीची नाही", "रस्त्याला वीस-बावीस लाख लागतील, वाढतीलच पण कमी नाही होणार". ही सगळी खरी माहिती आहे, दोन-तीन महापूर अंगावर घेतलेल्या लोकांची. आणि मग कोणीतरी ती शीटमध्ये भरतं, 'बऱ्यापैकी'चे १० पैकी ७ होतात, 'वीस-बावीस'चे बरोब्बर २२,००,००० होतात, आणि त्या माणसाला जी शंका होती ती तिथेच गायब होते. पुढचे सगळे जण त्या ७ कडे बघतात, शंकेकडे कोणी बघत नाही. आपत्तीच्या बजेटमध्ये माझ्या मते सगळ्यात महाग पडते ती ही हरवलेली शंका.

फझी पद्धतीत ती शेवटपर्यंत सांभाळून नेता येते. लोत्फी झादेह यांनी १९६५ मध्ये फझी सेटची (नुसतं हो किंवा नाही न म्हणता ० ते १ मधली मात्रा धरण्याची) कल्पना मांडली आणि १९७० मध्ये बेलमन आणि झादेह यांनी ती निर्णय घेण्यासाठी कशी वापरायची ते दाखवलं. आकड्याच्या जागी तीन आकडे लिहायचे, कमीत कमी, बहुतेक करून, जास्तीत जास्त, म्हणजे (१८, २२, ३२) असं. याला त्रिकोणी फझी संख्या म्हणतात. बेरीज करायची तर तीनही वेगवेगळे बेरीज करायचे. एवढं आलं की बाकी सगळं एक्सेलमध्ये होतं, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.

उदाहरणासाठी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं नदीकाठचं एक गाव धरू, नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते त्या पट्ट्यातलं. गाव आणि त्याचे खर्चाचे आकडे काल्पनिक आहेत, तुमच्या गावाचे तुम्ही घालायचे. परिस्थिती मात्र खरी आहे: २००५, ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे महापूर या पट्ट्याने पाहिलेत, २०१९ ला कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती आणि सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर.

आधी 'धोका' म्हणजे नेमकं काय ते गावापुरतं ठरवा

राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, आयर्विनला ४० आणि ४५. शासकीय यंत्रणेला अशी ठाम रेघ लागतेच, त्यात काही चूक नाही. पण तुमच्या गावाला ४२ फूट ११ इंचाला काही धोका नाही आणि एक इंच वाढला की धोका, असं नसतं ना. म्हणून जुन्या लोकांना बसवून विचारा की बंधाऱ्यावर किती फूट असताना आपल्या पोचरस्त्यावर पाणी यायला लागतं आणि किती फुटाला रस्ता पूर्ण बंद. समजा उत्तर आलं ३८ ला सुरुवात आणि ४३ ला पूर्ण बंद. मग ३८ ला 'रस्ता बंद' याची मात्रा ०, ४३ ला १, आणि मधे सरळ रेष. ४१ फुटाला मात्रा (४१ − ३८) ÷ ५ म्हणजे ०.६. एक्सेलमध्ये मॅक्स आणि मिन ही दोन फंक्शन लावली की ० च्या खाली आणि १ च्या वर जात नाही.

असंच दुसरं माप धरणाच्या विसर्गाचं करा, कोयनेतून किंवा राधानगरीतून किती क्युसेक सोडलं की 'विसर्ग जास्त' म्हणायचं ते. मग नियम साध्या भाषेत लिहायचा: रस्ता बंद होत आलाय आणि विसर्ग जास्त आहे तर जनावरं हलवायला सुरुवात. दोन मात्रांमधली जी लहान ती या नियमाची मात्रा. ती ०.५ च्या वर गेली की पहिली गाडी हलली पाहिजे असं गावाने आधीच ठरवून ठेवायचं, म्हणजे रात्री दोनला कोणी कोणाला विचारत बसायला नको.

कामांची यादी करा, पण खर्च निकषात घालू नका

आपल्या गावाच्या यादीत पाच कामं आहेत, खर्च लाखात:

भोंगे, नदीपातळीचे खांब आणि वॉर्डवार फोन यादी: (२, २.५, ३.५)
बोट, लाइफ जॅकेट आणि चालवणाऱ्या पोरांचं ट्रेनिंग: (५, ६, ८)
उंचवट्यावर जनावरांसाठी शेड, चारा-पाण्याच्या सोयीसह: (१२, १५, २०)
पोचरस्त्याचा खोलगट भाग उचलणं आणि मोरी: (१८, २२, ३२)
नळपाणी योजनेचे पंप आणि पॅनल बोर्ड वर नेणं: (४, ५, ७)

खर्चाचे तीन आकडे एकाच माणसाकडून घेऊ नका. मधला आकडा शाखा अभियंत्याच्या अंदाजपत्रकातून येतो, वरचा आकडा मात्र गावात आधी काम केलेल्या ठेकेदाराला विचारा, भराव कुठून आणणार, पाऊस लवकर लागला तर काय, हे त्याला माहीत असतं. रस्त्याचा वरचा आकडा मधल्यापासून किती लांब गेलाय बघा, शेडचा तेवढा नाही. हे लांब जाणं पुढे फार कामाचं आहे.

निकष तीनच ठेवले: माणसांचे जीव वाचणं, जनावरं आणि रोजीरोटी वाचणं, पूर ओसरल्यावर गाव लवकर उभं राहणं. 'पुढच्या पावसाळ्याआधी होईल का' हा निकष म्हणून ठेवायचा मोह होतो, पण त्याला गुण द्यायचे नसतात, ती चाळणी आहे: होणारच नसेल तर काम या वर्षीच्या यादीतून बाहेर, पुढच्या वर्षीच्या यादीत. आणि खर्च निकषात टाकला तर नंतर बजेट बसवताना तोच पुन्हा मोजला जातो, स्वस्त कामाला दोनदा फायदा मिळतो. बऱ्याच शीटमध्ये हे झालेलं दिसतं.

निकषांची वजनं

तीन निकष एकमेकांशी जोडीने तुलना करायचे. ग्रामसभेत विचारा: जीव आणि जनावरं यात जीव किती जास्त महत्त्वाचे? हा प्रश्न शहरात बसून सोपा वाटतो, पण २०१९ ला कितीतरी लोक गोठा सोडून निघायला तयार नव्हते कारण दुधाच्या जनावरावरच घर चालतं, त्यामुळे त्यांच्यासाठी हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच. समजा सभेचं मत असं आलं: जीव विरुद्ध जनावरं, (२, ३, ४) पट. जीव विरुद्ध गाव उभं राहणं, (४, ५, ६) पट. जनावरं विरुद्ध गाव उभं राहणं, (१, २, ३) पट. उलट्या तुलनेला उलटे अपूर्णांक, आणि क्रमही उलटा, म्हणजे (२, ३, ४) चं उलट (१/४, १/३, १/२).

आता बकली या संशोधकाची १९८५ ची पद्धत: प्रत्येक निकषाची एक ओळ, त्यात तिन्ही निकषांशी तुलना (स्वतःशी तुलना म्हणजे १, १, १), आणि प्रत्येक ओळीतल्या तीन संख्यांचा गुणाकार करून घनमूळ काढा, कमी-मधला-जास्त वेगवेगळं. जीव या ओळीचं (२.००, २.४७, २.८८) येतं, जनावरांचं (०.६३, ०.८७, १.१४), गाव उभं राहण्याचं (०.३८, ०.४६, ०.६३). तिघांची बेरीज (३.०१, ३.८०, ४.६६). भागताना मात्र लक्ष द्या, कमीत कमीला बेरजेच्या जास्तीत जास्तने भागायचं आणि जास्तीत जास्तला कमीत कमीने, इथे हमखास घोळ होतो. मग प्रत्येकाच्या तिन्ही आकड्यांची सरासरी काढून एकूण १ होईल असं बसवलं की वजनं येतात ०.६४, ०.२३ आणि ०.१३.

इंटरनेटवर मिळणाऱ्या बऱ्याच तयार शीट चँगच्या १९९६ च्या पद्धतीवर असतात. आपलेच वरचे आकडे त्यात घालून बघा, वजनं येतात साधारण ०.९५, ०.०५ आणि ०. म्हणजे गावाने ज्याला महत्त्व दिलं होतं तो तिसरा निकष सरळ पुसला जातो आणि जनावरं नावापुरती उरतात. माझं स्पष्ट मत आहे की आपत्तीच्या कामात ती पद्धत वापरूच नये, शीट डाउनलोड केली असेल तर आधी तिच्यात कोणती पद्धत आहे ते तपासा.

इथे मी वजनं एकेका आकड्यावर आणली आणि गुण मात्र फझी ठेवणार आहे, याचं कारण सांगतो. वजन म्हणजे गावाची निवड, ती बदलून बघायची असते. गुण म्हणजे काम किती उपयोगी पडेल याचा अंदाज, तिथे खरी अनिश्चितता आहे. दोन्ही एकत्र फझी ठेवले तर उत्तर एवढं पसरट येतं की काहीच ठरत नाही.

गुण: शब्दात विचारा, आकड्यात नाही

० ते १० च्या पट्टीवर शब्द असे बसवले: फारसा नाही (०, ०, २.५), थोडा (०, २.५, ५), बऱ्यापैकी (२.५, ५, ७.५), चांगला (५, ७.५, १०), एकदम भारी (७.५, १०, १०). लोकांसमोर फक्त शब्द ठेवायचे, आकडे तुमच्या शीटमध्ये राहू द्या.

कोणाला विचारायचं हे गणितापेक्षा महत्त्वाचं आहे. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी हे असतातच. त्यांच्याशिवाय बोट चालवणारी आणि पोहणारी पोरं, डेअरीला दूध घालणाऱ्या बायका, आशाताई, वायरमन, आणि गावाच्या सगळ्यात सखल भागात राहणारी दोन-तीन घरं. वेगवेगळे गट करून विचारा, एकत्र बसवलं तर पहिला बोलतो तेच सगळे बोलतात.

एक कप्पा जवळून बघू. प्रश्न: जनावरांच्या शेडमुळे माणसांचे जीव वाचायला किती उपयोग? अधिकारी गट म्हणाला थोडा, शेड जनावरांसाठी आहे. पोहणारी पोरं म्हणाली चांगला. दूध घालणाऱ्या बायका म्हणाल्या एकदम भारी, कारण म्हशीची सोय झाली की सासरा घर सोडतो, नाहीतर तो पाणी उंबऱ्याला लागलं तरी हलत नाही. सरासरी (०+५+७.५)÷३, (२.५+७.५+१०)÷३, (५+१०+१०)÷३, म्हणजे (४.२, ६.७, ८.३). हे तीन आकडे शेवटी शीटमध्ये जातील, पण कोण काय म्हणालं आणि का, ते शेजारच्या कॉलममध्ये लिहाच. गटांमध्ये एवढा फरक पडतो तिथे बहुतेक एका गटाला दुसऱ्याला माहीत नसलेली गोष्ट माहीत असते. पुन्हा एकदा विचारा, अधिकारी गटाला बायकांचं कारण ऐकवा, मत बदलायचं तर बदलू द्या, पण जबरदस्तीने एकमत करू नका.

बोटीच्या बाबतीतही असंच. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून लोकांचे जीव गेले, हे या भागात कोणी विसरलेलं नाही. म्हणून बोटीला जीव वाचवण्यात कोणी एकदम भारी म्हणतं, कोणी बऱ्यापैकीच म्हणतं, आणि दोन्ही बरोबर आहे, जॅकेट, ट्रेनिंग आणि किती माणसं चढवायची याचा नियम असेल तर वरचा आकडा, नसेल तर खालचा.

स्कोअर काढा आणि पसारा वाचा

प्रत्येक गुणाला त्या निकषाच्या वजनाने गुणून बेरीज. आपल्या गावाचं असं आलं:

रस्ता (४.१, ६.६, ९.१), सरासरी ६.६
भोंगे आणि फोन यादी (४.३, ६.५, ८.५), सरासरी ६.४
शेड (३.८, ६.३, ८.१), सरासरी ६.१
बोट (३.२, ५.४, ७.३), सरासरी ५.३
पंप (१.०, ३.५, ५.७), सरासरी ३.४

साधी पद्धत असती तर इथे रस्ता पहिला म्हणून फाइल बंद झाली असती. पण पहिल्या तिघांचे पट्टे, म्हणजे खालच्या आकड्यापासून वरच्या आकड्यापर्यंतचा पसारा, बघा, जवळजवळ पूर्ण एकावर एक आहेत, ६.६ आणि ६.४ मधल्या फरकाला काही अर्थ नाही. यातून निघतं एवढंच की ही तिन्ही कामं वरच्या गटात, बोट त्यांच्याखाली, पंप बराच मागे. मग फक्त खालचा आकडा बघा, म्हणजे सगळं वाईटात वाईट गेलं तर काय. तिथे भोंगे पहिले येतात, ४.३. आपत्तीच्या कामात मी खालच्या आकड्याला जास्त मान देतो, कारण चांगल्या दिवसासाठी आपण हा आराखडा करतच नाही.

आता वजनं हलवून बघा. जनावरांचं ०.३५ केलं, जीव ०.५०, गाव उभं राहणं ०.१५. रस्ता ६.३, शेड ६.१, भोंगे ५.९, बोट ४.६, पंप ३.५. वरच्या तिघांची आपसात अदलाबदल झाली, बोट आणि पंप जागचे हलले नाहीत. म्हणजे वजनावरून ग्रामसभेत तास-दोन तास भांडण्यात फारसा अर्थ नाही, वरचा गट तोच राहतो.

बजेट बसवणं

समजा गावाला सगळे मार्ग धरून ३० लाखांपर्यंत जाता येतंय. आता सुटी कामं न बघता जोडण्या बघायच्या.

भोंगे + रस्ता: खर्च (२० , २४.५, ३५.५), सरासरी स्कोअरची बेरीज १३.०
भोंगे + शेड + बोट: खर्च (१९, २३.५, ३१.५), बेरीज १७.८
भोंगे + शेड + बोट + पंप: खर्च (२३, २८.५, ३८.५), बेरीज २१.२

मधला आकडा बघितला तर तिन्ही ३० च्या आत बसतात आणि चौघांची जोडणी सगळ्यात भारी दिसते. इथेच बजेट फसतं. प्रत्येक जोडणीसाठी '३० च्या आत राहील याचा भरवसा' काढा: जास्तीत जास्त वजा ३०, भागिले जास्तीत जास्त वजा मधला, आणि आलेलं उत्तर १ मधून वजा. भोंगे-शेड-बोटीला १ − (१.५ ÷ ८) = ०.८१. भोंगे-रस्त्याला १ − (५.५ ÷ ११) = ०.५०. चौघांना १ − (८.५ ÷ १०) = ०.१५. (हे सूत्र मधला आकडा ३० पेक्षा कमी आणि वरचा जास्त असेल तेव्हाचं. वरचा आकडाच ३० च्या आत असेल तर भरवसा १, मधलाच ३० च्या वर गेला तर ०.)

हा ०.८१ म्हणजे ८१ टक्के शक्यता नव्हे, हे कृपया आराखड्यात तसं लिहू नका. शक्यतेसाठी जुन्या कामांच्या खर्चाचा डेटा लागतो, इथे आपल्याकडे लोकांचे अंदाज आहेत, आणि त्या अंदाजांच्या आधारे आपण किती ठामपणे बोलू शकतो त्याचं हे माप आहे. गावाने आधीच ठरवायचं की भरवसा किती हवा. मी ०.७ च्या खाली जाऊ नका म्हणेन, कारण अर्धवट राहिलेला भराव पुरात आणखी त्रास देतो, पाणी अडवून धरतो. त्या हिशोबाने भोंगे, शेड आणि बोट.

स्कोअरची बेरीज करताना एक भान ठेवा, काही कामं एकमेकांची जागा घेतात. रस्ता उचलला तर बोटीची गरज कमी होते, त्यामुळे दोन्ही एकाच जोडणीत असतील तर बोटीचे गुण पुन्हा विचारून घ्या. भोंगे आणि शेडचं उलट आहे, इशारा वेळेत मिळाला तरच जनावरं शेडपर्यंत पोचतात, दोघं मिळून जास्त काम करतात.

उरलेल्या कामांचं काय

यादीतून मागे पडलेलं काम मेलं असं नाही, त्याच्यासाठी पैशाचा दुसरा रस्ता बघायचा. पंपाचं काम पिण्याच्या पाण्याशी जोडलेलं आहे आणि पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच होता, म्हणून असं काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात त्या लेखाशीर्षाखाली दाखवता येतं का ते पंचायत समितीत विचारा. रस्ता मोठा आहे, तो गावाच्या पैशात ओढूनताणून बसवण्यापेक्षा जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे प्रस्ताव द्या. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी राज्याच्या आपत्ती निधीतला ८० टक्के भाग प्रतिसाद निधीला आणि २० टक्के सौम्यीकरण निधीला अशी विभागणी केली, त्यातला हा २० टक्क्यांचा भाग आपत्ती येण्याआधी नुकसान कमी करणाऱ्या कामांसाठी आहे. प्रस्ताव देताना त्या वर्षी कोणता नियम चालू आहे ते जिल्हाधिकारी कार्यालयातून खात्री करून घ्या.

आणि रस्त्याचा प्रस्ताव देण्याआधी त्याचा (१८, २२, ३२) चा पसारा कमी करा. तो एवढा मोठा का आहे? भराव किती लागेल ते नीट मोजलेलं नाही म्हणून. लेव्हल घेऊन, मातीची तपासणी करून घ्यायला जो थोडा खर्च येईल तो या वर्षीच करा. तपासणीनंतर आकडा (२१, २३, २५) झाला समजा, तर भोंगे आणि रस्ता मिळून (२३, २५.५, २८.५), म्हणजे ३० च्या पूर्ण आत, भरवसा ०.५० वरून थेट १. पसारा जिथे सगळ्यात रुंद तिथे आधी माहितीवर खर्च करायचा, हा या पद्धतीचा मला वाटणारा सगळ्यात मोठा फायदा आहे, आणि साध्या एक-आकडी शीटमध्ये तो पसारा दिसतच नाही.

ठरावात काय लिहायचं

ग्रामसभेच्या ठरावाला शीट जोडाच, पण ठरावात वाचता येईल असं लिहा: कोणत्या गटांना विचारलं, निकष कोणते, वजनं काय आणि ती कोणी ठरवली, प्रत्येक कामाचा खर्च तीन आकड्यांत, निवडलेल्या जोडणीचा भरवसा किती, आणि कोणत्या कामावर गटांची मतं जुळली नाहीत. हा शेवटचा मुद्दा लोक वगळतात कारण मतभेद कागदावर चांगला दिसत नाही असं वाटतं, पण पुढच्या वर्षी नवीन ग्रामसेवक आला तर त्याला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.

पाणी ओसरल्यावर, नवरात्राच्या आसपास, तेच गट पुन्हा बसवा आणि तीन गोष्टी तपासा. प्रत्यक्ष खर्च त्रिकोणाच्या आत पडला का, भोंगा वाजल्यापासून शेवटचं जनावर हलेपर्यंत किती तास गेले, आणि पोचरस्त्यावर पाणी खरंच ३८ फुटाला आलं की आधीच आलं. आधी आलं असेल तर ३८ चे ३७ करा आणि शीट सेव्ह करताना फाइलच्या नावात वर्ष घाला, जुनी फाइल डिलीट करू नका.